मजकूर आणि साचा
१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेतून पहिलं संकेतस्थळ खुलं केलं, तेव्हा एक पान म्हणजे एक फाइल. मजकूर आणि मांडणी एकत्रच. मथळ्याची पट्टी बदलायची, तर एकेक पान उघडायचं. पुढे डेटाबेस आले. मजकूर साच्यापासून सुटला खरा, पण डोळ्यांआड गेला. आमची जुनी व्याख्यानं अशाच एका बंद पडलेल्या डेटाबेसात अडकली, ती परत मिळाली नाहीत.

२००८ साली टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या ‘जेकिल’ने वेगळी वाट धरली: मजकूर साध्या फाइलींत, साचे निराळ्या फोल्डरात. ‘ग्रॅव्ह’मध्ये फोल्डरच्या नावाआधीचा आकडा पानांचा क्रम ठरवतो आणि फाइलीचं नाव साचा ठरवतं. ‘ब्लॉग’ नावाची फाइल ‘ब्लॉग’ नावाच्या साच्यात बसते.

अ‍ॅरिस्टॉटलचं द्रव्य आणि आकार आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. वस्तूत ही दोन्ही एकजीव असतात, असं तो म्हणतो. इथे मात्र ती वेगळी राहतात आणि त्यांना जोडतं ते फक्त एक नाव. म्हणून नावं विचारपूर्वक द्यावीत. उद्या साचा मोडला तरी फाइल उघडून मजकूर वाचता येईल. आम्हाला तेवढं पुरे आहे.