चांदीचे गाव

धनत्रयोदशीच्या सायंकाळी घरातला चांदीचा जुना रुपया धुऊनपुसून देवापुढे ठेवतात. ती चांदी कुठल्या खाणीतली, हे कुणी विचारीत नाही. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांत परदेशी जहाजांतून सुरतेसारख्या बंदरांत जी चांदी उतरे आणि येथील टांकसाळींत वितळून जिचे रुपये होत, तिचा मोठा वाटा मेक्सिको व पेरू येथील डोंगरांतून निघालेला असे. तेव्हा मेक्सिकोतल्या चांदीच्या एका गावाची हकीकत आपल्याला अगदीच परकी नाही.

त्या गावाचे नाव टास्को. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तेथे खाणी खणल्या. होसे दे ला बोर्दा ह्या धनाढ्य खाणमालकाने १७५१ ते १७५८ ह्या काळात सांता प्रिस्काचे भव्य चर्च बांधले. पुढे खाणींचा बहर ओसरला. गावाला उरले ते चर्च, उंचसखल फरसबंद गल्ल्या आणि दारिद्र्य.

१९२९ मध्ये विल्यम स्प्रॅटलिंग नावाचा अमेरिकन येथे राहावयास आला. त्याचा जन्म १९०० चा. न्यू ऑर्लिन्सच्या ट्यूलेन विद्यापीठात तो वास्तुशास्त्र शिकवी, आणि पुढे विख्यात झालेला कादंबरीकार फॉकनर तेथे त्याचा बिऱ्हाडसोबती होता. टास्कोला आला तो लेखन करण्याच्या इराद्याने. सोनारकीचा त्याला गंधही नव्हता. अमेरिकेचे तेव्हाचे वकील ड्वाइट मॉरो त्याला एकदा म्हणाले, की ह्या गावातून शतकानुशतके चांदी बाहेर गेली, पण तिच्यापासून गावाने स्वतः काहीच घडविले नाही. हे बोल स्प्रॅटलिंगच्या मनाला लागले.

१९३१ मध्ये त्याने जवळच्या इग्वाला गावाहून सोनार आणविले आणि लहानशी कार्यशाळा उघडली. नक्षीसाठी मात्र त्याने युरोपकडे पाहिले नाही. स्पॅनिशांच्या पूर्वी ह्या भूमीत नांदलेल्या लोकांचे मातीचे ठसे आणि दगडी शिल्पे त्याच्यासमोर होती. त्यांतला जग्वार, साप, पक्षी चांदीवर उतरू लागले. अंगी वास्तुकाराची नजर असल्यामुळे त्याने फुलापानांची गर्दी टाळली. चांदीचा सपाट, भरीव पृष्ठभाग तसाच बोलू दिला. जोडीला कुठे जांभळा अमेथिस्ट, कुठे काळा ज्वालाकाच, कुठे शिसवी लाकूड. आराखडे त्याचे, हात मात्र गावकऱ्यांचे.

कार्यशाळा हीच शाळा झाली. पोर आले की आधी झाडलोट, मग दागिन्याला उजाळा देणे, मग कानस, हातोडी आणि डाक. अशी उमेदवारी करीत ते कारागीर होई. दुसऱ्या महायुद्धात युरोपचा माल अडला, तेव्हा अमेरिकन दुकानांच्या मागण्या येथे येऊ लागल्या आणि कारागिरांची संख्या शेकड्यांवर गेली. त्याच्या हाताखाली शिकलेले कास्तियो बंधू, अंतोनियो पिनेदा ह्यांनी आपापली दुकाने थाटली. शिकविलेल्या विद्येला कुलूप घालता येत नाही. शिष्य एक दिवस समोरच दुकान मांडणार, हे शिकविणाऱ्याला धरूनच चालावे लागते.

आणि दैवगती पाहा! बाहेरचे भांडवल घेतल्यामुळे कंपनीचा ताबा त्याच्या हातून निसटला आणि १९४५ च्या सुमारास त्याला तिच्यातून बाहेर पडावे लागले. स्प्रॅटलिंगची कंपनी बुडाली. टास्कोचा धंदा मात्र बुडाला नाही. कला तोवर घराघरांत पोहोचली होती.

तरी त्याचा शिकविण्याचा सोस सुटला नाही. अलास्काचे गव्हर्नर ग्रुनिंग हे त्याचे स्नेही. त्यांच्या पुढाकाराने अलास्कातील मूळ रहिवाशांसाठी असाच उद्योग उभारण्याचा बेत ठरला. स्प्रॅटलिंगने तेथील परंपरेला धरून नमुने घडविले. काही अलास्कन तरुण शिकण्यासाठी थेट टास्कोला आले. पुढे पैशाअभावी ती योजना बारगळली. जे उष्ण प्रदेशात साधले, ते बर्फात साधले नाही. ७ ऑगस्ट १९६७ रोजी मोटार अपघातात त्याचा अंत झाला.

टास्कोत आजही गल्लोगल्ली चांदीची दुकाने आहेत. बोर्दाने चांदी खणून चर्च उभारले; ते डोळे दिपविते. स्प्रॅटलिंगने खाण खणली नाही. त्याने पोरांच्या हाती हातोडी दिली, आणि गावची चांदी पहिल्यांदाच गावच्या कामी आली. उद्या देवापुढचा रुपया पुसताना एवढे आठवले, तरी पुरे.