वाघाचा आवाज

माझी आत्या लग्न होऊन फोंड्याहून देवासला गेली. मी शाळेत असताना एका सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो होतो. रविवारची सकाळ, दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागलेलं. शेरखान बोलू लागला तशी आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, हा तर आपला नाना!" तिने चित्र पाहिलंच नव्हतं!

ही मालिका मूळची जपानी. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली काढलेली, ५२ भागांची. किपलिंगचं पुस्तक १८९४ सालचं आणि जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीचं. म्हणजे आपलाच वाघ जपानला जाऊन १९९३ मध्ये हिंदी बोलत परत आला. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं आणि शेरखानाचा आवाज मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा.

डबिंग हे सोपं काम नव्हे. चित्रातले ओठ आधीच हललेले असतात. तेवढ्याच वेळात दुसऱ्या भाषेतलं वाक्य बसवायचं आणि त्यात राग, धाप, हसू सगळं आणायचं. चेहरा, हातवारे यांची मदत नाही.

त्याच सुट्टीत आत्याचे यजमान आम्हाला धारला घेऊन गेले. देवास काय, धार काय, दोन्ही पवारांची संस्थानं, त्यामुळे मराठी घरं पुष्कळ. धारला शिल्पकार र. कृ. फडके यांचा स्टुडिओ पाहिला. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचाच. मूर्ती इतक्या जिवंत की आता बोलतील असं वाटावं. पण बोलत नाहीत, हीच तर गोष्ट आहे.

आणि देवास म्हणजे कुमार गंधर्वांचं गाव. क्षयाने आजारी पडल्यावर ते कोरड्या हवेसाठी इथे आले. काही वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडून ते माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले. आवाज जाणं म्हणजे काय हे त्या गावाला ठाऊक होतं.

पुढे मोठेपणी देवासला गेलो तेव्हा सहज विचारलं, मोगलीचा आवाज कोणाचा? बल्लूचा? बगीराचा? कोणालाच सांगता येईना. नाना लक्षात राहिले, कारण त्यांचा चेहरा आधीच ओळखीचा होता. जपानमध्ये अशा कलाकारांना 'सेइयू' म्हणतात, त्यांना नावानिशी ओळखणारे चाहते असतात. आपल्याकडे मात्र आवाज घरोघरी आणि नाव कुठेच नाही. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचंही तेच. विंगेत बसून प्रॉम्प्टर अख्खं नाटक तोलून धरतो, हार मात्र नटांना! मी कारकून माणूस. नोंद नसली की पुढे माणूसच नव्हता असं धरलं जातं, हे रोज बघतो.

आत्या गेल्या वर्षी गेली. फोटो ढीगभर आहेत. "हा तर आपला नाना" म्हणणारा तिचा आवाज मात्र एकाही टेपवर नाही.

असो. घरातल्या जुन्या कॅसेटी फेकायच्या आधी एकदा लावून बघा. आणि कोणाचा आवाज आहे ते वर लिहून ठेवा.