११ मे २०१८ : ‘राझी’ पडद्यावर
युद्धपट म्हटला की रणगाडे आणि आरोळ्या हे ठरलेलंच. ११ मे २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या मेघना गुलजार यांच्या ‘राझी’ने मात्र १९७१चं युद्ध नेलं थेट एका पाकिस्तानी ब्रिगेडियरच्या घरात. हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ या कादंबरीवर तो बेतलेला. वडिलांच्या शब्दाखातर काश्मिरी सेहमत हेरगिरीचे धडे गिरवते आणि सून म्हणून सीमेपलीकडे जाते. दिवसा सासुरवास, आणि संधी मिळाली की दार लावून मोर्सच्या ठिपके-रेघांतून भारतात निरोप. संशय आलेल्या जुन्या नोकराला ती जीपखाली चिरडते, तो प्रसंग आजही अंगावर येतो.

आलिया भट्टची ही सर्वांत कसदार भूमिका म्हणायला हरकत नाही. तिच्या आईच्या भूमिकेत तिची खरी आई, सोनी राझदान. विकी कौशलने नवरा इक्बाल शांतपणे उभा केला. पण भाव खाऊन गेला तो सेहमतला हेरगिरी शिकवणारा खालिद मीर झालेला जयदीप अहलावत. रजित कपूर वडील, शिशिर शर्मा सासरे. आणि सेहमतची जाऊ मुनिरा म्हणजे आपली अमृता खानविलकर! भूमिका छोटी, पण लक्षात राहणारी.

शत्रुपक्षातली माणसंही इथे माणसंच राहिली, हे या चित्रपटाचं मोठं यश. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्रीच्या फिल्मफेअर पुरस्कारांसोबत गीतलेखनाचा पुरस्कारही ‘राझी’ला मिळाला. गीतकार होते दिग्दर्शिकेचे वडील, गुलजार.