लपविलेले शस्त्र आणि त्यावरील निळाई

शस्त्र उघड बाळगणे आणि लपवून बाळगणे यांत फार पूर्वीपासून भेद मानिला गेला आहे. कमरेची तलवार समोरच्यास सावध करिते. काठीत दडविलेली गुप्ती तसे करीत नाही, आणि तिचे नावही तिच्या या गुणावरूनच पडले आहे. पिस्तूल खिशात मावण्याइतके लहान झाले तेव्हा हा भेद अमेरिकेत मोठ्या तीव्रतेने पुढे आला. स्मरणिकेत हा विषय कशास, असे काही समाजबंधू विचारतील. त्यांस आमचे सांगणे इतकेच की, आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मुलेमुली आज त्या देशात नोकरीनिमित्त राहत आहेत. बाजारात त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाच्या सदऱ्याखाली भरलेले पिस्तूल असू शकते, आणि तो कोणताही गुन्हा करीत नसतो, हे येथल्या मातापित्यांस ठाऊक असणे बरे.

हा प्रश्न तेथे नवा नाही. केंटकी व लुइझियाना या संस्थानांनी १८१३ सालीच लपविलेल्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले. केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयाने १८२२ मध्ये तेथील कायदा राज्यघटनेविरुद्ध म्हणून रद्द ठरविला. गंमत अशी की, ज्या मनुष्याचा तो खटला होता त्याच्यापाशी पिस्तूल नव्हतेच. होती ती पोकळ काठीतील तलवार, म्हणजे आपली गुप्तीच! पुढे १८५० च्या नव्या घटनेने लपविलेल्या शस्त्रांस बंदी करण्याचा अधिकार केंटकीच्या विधिमंडळास दिला.

याच काळात फिलाडेल्फियाचा बंदूक-कारागीर हेन्री डेरिंजर हा खिशातील पिस्तुलांसाठी नावाजला. एकच बार, आखूड नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, असा तो प्रकार होता. नक्कल करणाऱ्यांनी त्यास इतके सतावले की कॅलिफोर्नियात त्यास खटला लढवावा लागला. आणि त्याच्या आडनावात एक जास्तीचा 'र' घालून जगाने तो शब्द त्या जातीच्या सर्वच पिस्तुलांस लाविला. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाटकगृहात जॉन विल्क्स बूथ याने अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली, ती डेरिंजरनेच. सहा इंचांहूनही थोडे कमी लांबीचे ते शस्त्र त्याने अंगावर लपवून आत नेले होते.

आता थोडे धातूविषयी. पोलाद अंगास लागून राहिले की घाम त्यास खातो, कारण घामात मीठ असते. यावर जुन्या कारागिरांनी जी युक्ती काढिली तीस 'काट्याने काटा काढणे' याहून उत्तम नाव आम्हांस सुचत नाही. पोलाद घासून त्यास जिल्हई द्यावयाची, आम्लाचे द्रावण लावून त्यावर मुद्दाम बारीक तांबडा गंज चढू द्यावयाचा, मग ते उकळत्या पाण्यात ठेवावयाचे. उकळल्याने तांबड्या गंजाचे काळसर गंजात रूपांतर होते. वरचा सैल भाग तारेच्या ब्रशाने घासून काढावयाचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! असे अनेकदा केले म्हणजे पोलादावर निळसर काळी छटा येते. ही 'निळाई' म्हणजे रंगाचा लेप नव्हे, तर लोखंडाचाच दुसरा, घट्ट चिकटून बसणारा गंज होय. कोळशाच्या भट्टीत तापवून निळाई आणण्याचीही रीत होती. विसाव्या शतकात कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या उकळत्या द्रावणात बुडविण्याची झटपट रीत रूढ झाली. आपल्याकडील शिकलगारांस हा प्रकार दाखविला असता तर त्यांनी नक्की मान डोलाविली असती.

परंतु हा थर अत्यंत पातळ असतो आणि तेलाचा हात फिरला नाही तर टिकत नाही. रोज बाळगलेल्या पिस्तुलाची निळाई कोठे उडते हे ठरलेलेच असते: नळीच्या तोंडाशी, धारदार कडांवर, आणि मुठीच्या पुढे जेथे बोटे पुनःपुन्हा पडतात तेथे. चामड्याच्या म्यानात शिरलेली धूळ प्रत्येक वेळी कानशीप्रमाणे काम करिते. शरीराकडील बाजूस घामाने गंजाचे ठिपके पडतात, बाहेरची बाजू मात्र नवीच्या नवी राहते. पिस्तूल महिनोगणती म्यानातच ठेवून दिले तर आणखी वाईट, कारण चामडे ओलावा धरून ठेविते. निकेलचा मुलामा यावर उपाय म्हणून आला. पण तो एकदा फुटला की आतून गंज पसरतो आणि पापुद्रे सुटतात.

ऑगडेन गावच्या जॉन ब्राउनिंगने चपटी, स्वयंचलित पिस्तुले घडविली आणि लपविण्याचे काम फारच सोपे केले. त्याच्या आराखड्यावरील १९०३ च्या कोल्ट पिस्तुलाचा घोडा आत झाकलेला असे, म्हणजे खिशातून काढताना कापडास अडकू नये. ब्राउनिंगचे नाव महाराष्ट्रात मात्र वेगळ्याच कारणाने पोहोचले. १८७८ च्या हत्यार कायद्याने येथे परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा होता. तरी सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले दडवून पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध अनंत कान्हेरे यांनी केला तो ब्राउनिंग पिस्तुलाने. प्रसंग 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाचा होता. वॉशिंग्टन आणि नाशिक, दोन्ही ठिकाणी नाटकगृहच असावे हा योगायोग आम्हांस नेहमी विचित्र वाटत आला आहे.

१९६५ साली स्मिथ आणि वेसन या कारखान्याने न गंजणाऱ्या पोलादाचे लहान रिव्हॉल्व्हर काढिले, ते अंगालगत बाळगणाऱ्यांसाठीच सोयीचे. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने गास्टन ग्लॉक यांचे पिस्तूल स्वीकारिले. त्याच्या पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण केलेला असतो. वरचा काळा थर झिजून पांढुरके पोलाद दिसू लागले, तरी गंजास अडविणारा भाग शाबूत राहतो. म्हणजे गंजाची भीती बव्हंशी गेली. मनुष्याची गेली नाही.

कारण कायदा याच सुमारास उलट दिशेने फिरला. न्यूयॉर्कने १९११ साली परवान्याची सक्ती केली होती. फ्लोरिडाने १९८७ मध्ये पात्र अर्जदारास परवाना दिलाच पाहिजे असे ठरविले आणि इतर संस्थानांनी तेच गिरविले. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची 'सबळ कारण दाखवा' ही अट रद्द केली. २०२४ पर्यंत निम्म्याहून अधिक संस्थानांत परवान्याचीही गरज उरली नव्हती. आत्मरक्षणाचा हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु प्रत्येकाने शेजाऱ्यास भिऊन सदऱ्याखाली पिस्तूल बाळगावे यास सुरक्षितता म्हणावयास आमचे मन धजत नाही.

झिजलेल्या जुन्या पिस्तुलांवर नवी निळाई चढवून ती कोरी करण्याची हौस पुष्कळांस असते. जाणकार संग्राहक मात्र अशा पिस्तुलाची किंमत कमीच करितात, कारण त्यावरची खूण आणि साक्ष पुसली गेलेली असते. बूथचे डेरिंजर आज फोर्ड नाटकगृहाच्या संग्रहालयात आहे. ते कोणी चोरून त्या जागी नकली ठेविले, अशी आवई उठली असता १९९७ साली एफबीआयच्या प्रयोगशाळेने ते तपासले. १९३० च्या दशकातील छायाचित्रे समोर ठेवून मुठीच्या लाकडातील रेषांची वळणे आणि त्यातला एक तडा ताडून पाहण्यात आला. दोन्ही जुळले, आणि पिस्तूल अस्सल ठरले.