पाळकाची गैरहजेरी

गोदावरीचा अंमल किती कडक असतो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने भर पावसाळ्यात सायखेड्याच्या पुलापाशी यावे. वर नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून पाणी सुटले, त्यात दारणेच्या पाण्याची भर पडली, की समोरासमोर वसलेली चांदोरी आणि सायखेडा ही दोन गावे, एरवी एकमेकांच्या सोयरिकी सांभाळणारी आणि कांद्याच्या एकाच भावाची काळजी वाहणारी, पाहता पाहता परस्परांना दुरावतात. 2016 आणि 2019 या दोन्ही पावसाळ्यांत पुराने या परिसरातील वस्तीचा उंबरा ओलांडला. अशा वेळी निफाडचा सरकारी अंमलदार काय, नाशिकचा डॉक्टर काय किंवा पैलतीरावरचा आप्त काय, कोणीही वेळेवर पोचत नाही, आणि गावाला जे निभावावयाचे ते गावातल्याच चार माणसांच्या शहाणपणावर निभावावे लागते. नेमलेला माणूस गैरहजर असता उरलेली चार माणसे काय करतात, हा प्रश्न पुराच्या दिवसांपुरताच नाही. नाशिकच्या मुलखातील ख्रिस्ती मंडळीचा आणि तिच्या पाळकांचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास ज्या एका प्रश्नाभोवती फिरतो, तो हाच होय.

प्रथम शब्दांचाच विचार करू. कारण मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या धर्मव्यवस्थेसाठी जे शब्द स्वीकारले, त्यांत तिचे मर्म उतरले आहे. उपासकांच्या समुदायाला त्याने 'मंडळी' म्हटले. हा शब्द किती घरगुती आहे पाहा: कीर्तनकार श्रोत्यांना मंडळी म्हणतो, पंगतीला बसलेल्यांची मंडळी होते, आणि जुन्या वळणाचा गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करतो. त्या समुदायाच्या प्रमुखाला त्याने 'पाळक' म्हटले, कारभारात साहाय्य करणाऱ्या प्रौढांना 'वडील' म्हटले, आणि व्यवस्था पाहणाऱ्यांना 'सेवक'. या मालिकेत अधिकाराचा वास असलेला शब्द जवळजवळ नाही. सगळे शब्द ओसरीवरचे, गोठ्यातले आणि चुलीपाशी वावरणारे आहेत. पुढे मिशनच्या कारभारात साहेब, पगार, हुकूम आणि दप्तर यांचा जो पसारा वाढला, त्याच्याशी या शब्दांचा झगडा होणे अपरिहार्यच होते.

या इतिहासातील पहिला प्रसंग सायखेड्याच्या दक्षिणेस, सिन्नरच्या बाजूला घडला. अमेरिकन मराठी मिशनचा आद्य संस्थापक गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईस उतरला होता, आणि तेरा वर्षे मराठीचा अभ्यास, नव्या कराराचे भाषांतर व शाळांची उभारणी यांत घालविल्यावर 1826 च्या मार्च महिन्यात तो घाट चढून नाशिकास आला. शहरात पटकीने थैमान घातले होते. जवळ होती ती औषधे त्याने रोग्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेला लागला. दोडी-दापूर येथे त्याच व्याधीने त्याला गाठले, आणि एका देवळाच्या ओसरीवर 20 मार्च रोजी त्याचा अंत झाला. बरोबर होती ती दोन ख्रिस्ती मुले. परक्या गावात, परक्या देवाच्या ओसरीचा आसरा घेऊन, त्या दोघांनी आपल्या गुरूच्या मृत्यूची आणि दफनाची जबाबदारी वाहिली. दोघे किंवा तिघे आपल्या नावाने जमतात तेथे आपण असतो, असे जे आश्वासन ख्रिस्ताने दिले, त्यातली संख्या येथे अक्षरशः भरली होती. तेथे पाळक होता, परंतु तो निष्प्राण होता.

यानंतर सहा वर्षांनी, 1832 मध्ये, इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने फॅरर याने नाशिकास ठाणे घातले, आणि 1854 मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस याने शहरालगत शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. नावाचा अर्थ उघड आहे: ज्याला जातीने, घराने आणि वतनाने बाहेर काढले, त्याला शरण येण्याजोगे पूर. बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसाचे एका रात्रीत काय काय जात असे, याची कल्पना आज करणे कठीण आहे. उच्चवर्णीयाचे घर आणि वारसा जात असे, गावकीतल्या महाराचे बलुते आणि पाणवठ्यावरचा उरलासुरला हक्क धोक्यात येत असे. म्हणून शरणपुरात शाळा होती तशी सुताराची, लोहाराची आणि शेतीची कामेही शिकवीत असत, कारण ज्याच्या हाताला काम नाही त्याच्या मुखी प्रार्थना फार काळ टिकत नाही, हे त्या व्यवहारी मिशनऱ्यांना ठाऊक होते. सोराबजी खरसेटजी या पारशी धर्मांतरिताने आपल्या सेवेचा काही काळ याच परिसरात घालविला, आणि ऑक्सफर्डास कायद्याचा अभ्यास करणारी पहिली स्त्री म्हणून जिची कीर्ती पुढे झाली, ती त्यांची कन्या कॉर्नेलिया 1866 मध्ये नाशिकासच जन्मली.

परंतु शरणपुरातील सर्वांत अनपेक्षित रहिवासी आफ्रिकेतून आले होते. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडी, त्यांतली सोडविलेली मुले मुंबईस उतरविली जात, आणि त्यांपैकी कित्येकांना प्राइसच्या हवाली करण्यात येई. गोदातीरावर वाढलेली ही मुले 'नाशिकची मुले' याच नावाने ओळखली जाऊ लागली, आणि 1866 मध्ये त्यांच्यापैकी नऊ जण मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या आफ्रिकेतील अखेरच्या प्रवासात सामील झाले. या प्रसंगाला भक्तिभावाने फार मुलामा देऊ नये. लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत त्यांच्याविषयी कुरकूरही भरपूर केली आहे, आणि शाळेत शिकलेली प्रार्थना अरण्यात पाय सुजल्यावर प्रत्येकाला आठवतेच असे नाही. 1872 मध्ये नाशिकचे आणखी सहा तरुण त्याच्या मदतीस धाडण्यात आले. त्यांत जेकब वेनराइट हा होता.

1873 च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याचे अनुचर मनात आणते तर त्याच दिवशी पांगू शकत होते. मालक नव्हता, मजुरी देणारा नव्हता, आणि किनारा शेकडो कोस दूर होता. त्याऐवजी त्यांच्यातल्याच चुमा आणि सुसी यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी आपसांत मसलत केली, देह वाळवून समुद्रापर्यंत नेण्याचे ठरविले, हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले, आणि त्या वेळी अंत्यविधीच्या प्रार्थना वाचल्या त्या शरणपुरात अक्षरओळख झालेल्या जेकबने. झाडाच्या बुंध्यावर मृताचे नाव कोरले तेही त्यानेच. नऊ महिन्यांची वाट तुडवून ते प्रेत 1874 च्या फेब्रुवारीत किनाऱ्याला लागले, आणि 18 एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटिकेला हात लावणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता. दीक्षाविधी झालेला एकही धर्मोपदेशक चितांबोच्या गावी नव्हता, आणि तरी प्रार्थना झाली, निर्णय झाला, ओझे वाहिले गेले. शरणपूर वसविणारा प्राइसही त्याच वर्षी आफ्रिकेस गेला, मोंबासाजवळ 1875 मध्ये फ्रीअर टाउन उभे राहिले, आणि शरणपुरातच शिकलेल्या विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये तिकडे धर्मसेवेची दीक्षा मिळाली.

हे सारे केवळ योगायोगाने घडले असे मानण्याचे कारण नाही. चर्च मिशनरी सोसायटीचा चिटणीस हेन्री व्हेन याने 1861 मध्ये एक योजना लिहून काढली होती. नवख्रिस्ती लोकांचे लहान लहान गट करावे, प्रत्येक गटावर त्यांच्यातलाच एक जाणता माणूस पुढारी म्हणून असावा, गटाने नित्यनेमाने एकत्र जमावे, आणि मिशनऱ्याने त्या पुढाऱ्यांना वेळोवेळी बोलावून त्यांच्याशी विचारविनिमय करावा, असा तिचा आशय होता. मंडळी स्वतःच्या कारभाराने चालावी, स्वतःच्या पैशाने चालावी आणि स्वतःच्या बळाने वाढावी, म्हणजे मिशनने तेथून सुखाने प्रयाण करावे, अशी त्याची धारणा होती; अमेरिकन मिशनचा चिटणीस रूफस अँडरसन याचेही मत असेच होते. मिशनची यशस्विता त्याच्या अनावश्यक होण्यात मानणारा हा विचार त्या साम्राज्यशाही काळात मोठ्याच धैर्याचा म्हटला पाहिजे.

तथापि विचार आणि व्यवहार यांत अंतर पडले, हेही निखालस सांगितले पाहिजे. पगार वरून येई, म्हणून हुकूमही वरून येई. आणि ज्याचा पगार परदेशी तिजोरीतून येतो त्या उपदेशकाला गावकरी साहेबाचा कारकून समजू लागले तर दोष गावकऱ्यांचा नव्हे. पाळक हा मामलेदार कचेरीतल्यासारखा हजेरीपट घेऊन फिरू लागला की माणसे त्याच्यासमोर आपले पाप न सांगता अर्ज सांगतात. शिवाय जात उंबऱ्याबाहेर चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. प्रभुभोजनाच्या एकाच पात्राला कोणाच्या ओठानंतर कोणाचे ओठ लागावयाचे, कोणी सतरंजीवर बसावयाचे आणि कोणी दाराशी, या प्रश्नांनी लहान बैठकीची खरी परीक्षा होत असे, कारण मोठ्या देवळात हे झाकून जाते आणि दहा माणसांच्या खोलीत झाकत नाही.

या पगारी व्यवस्थेला सर्वांत तेजस्वी उत्तर दिले ते नारायण वामन टिळकांनी. त्यांच्या तारुण्यातील शिक्षणाचा काही काळ नाशिकात गेला होता, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळ गोदेच्याच काठी असलेल्या जलालपूरच्या. 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अमेरिकन मराठी मिशनमध्ये बावीस वर्षे घालविल्यावर 1917 मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तानुयायांनी एका बैठकीत बसावे, भजन करावे, अभंग गावे आणि ख्रिस्ताला हिंदी मनाच्या अंगणात बोलवावे, ही त्यांची आकांक्षा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आणि खरोखरच, गावोगावच्या सप्ताहांत वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, पण खाली ठेवली जात नाही, ही वारकरी रीत पाहिली की व्हेनच्या योजनेचे मराठी रूप आपल्याकडे आधीपासूनच वावरत होते हे ध्यानात येते.

परंतु दरबाराला दोन वर्षे होतात न होतात तोच, 9 मे 1919 रोजी, टिळक निवर्तले, आणि त्यांच्यामागे दरबाराची ती दीप्ती उरली नाही. प्रतिभावंताभोवती जमलेल्या मंडळीला हा धोका नेहमीच असतो; सगळे त्याच्याकडे तोंड करून बसतात, एकमेकांकडे नाही. टिकले ते निराळेच. त्यांची भजने मराठी उपासनेत टिकली. आणि त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे नेले ते शाळेचे तोंडही धड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी, ज्या 1936 मध्ये नाशिकासच वारल्या. नवऱ्याची पंडिताई त्यांना जमली नाही आणि तिची त्यांना गरजही पडली नाही. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला जाणवते की माणसे जोडण्याची जी कला टिळकांना व्याख्यानाने साधावी लागे, ती बाईंना एका हसण्याने साधत असे.

1929 मध्ये नाशिकचा स्वतंत्र बिशपप्रांत झाला आणि फिलिप लॉइड हा त्याचा पहिला बिशप. 1970 मध्ये निरनिराळे पंथ उत्तर भारतीय चर्चमध्ये एकत्र आले. दप्तरे बदलली, शिक्के बदलले. घरोघरची संध्याकाळची प्रार्थनासभा मात्र त्याच वळणाने राहिली: एक गीत, शास्त्रातला एक वेचा, चार जणांचे चार शब्द, कोणाचा तरी आजार, कोणाच्या तरी मुलाची नोकरी, आणि शेवटी चहा. या लहानशा बैठकीचे पुढारीपण करणे हे उपदेशपीठावरून बोलण्यापेक्षा अवघड आहे. तेथे मौनाला भिऊन चालत नाही. जो कधीच बोलत नाही त्याच्या आणि जो कधीच थांबत नाही त्याच्या, अशा दोघांच्याही मनाची राखण करावी लागते. आणि स्वतःला माहीत असलेले उत्तर दुसऱ्याला सापडेपर्यंत ओठांत धरून ठेवावे लागते.

हरवलेल्या मेंढराच्या दृष्टांतात नव्याण्णवांना रानात ठेवून मेंढपाळ एकाच्या शोधात निघतो, आणि आपण सारे त्या एकाचाच विचार करतो. कांदा निघाल्यावर या भागातल्या मोकळ्या रानांत मेंढरे बसविणाऱ्या धनगराला विचारले तर तो आधी त्या नव्याण्णवांचे विचारील. ती तेथे पांगली नाहीत, हीच त्या मेंढपाळाच्या आधीच्या कित्येक दिवसांच्या राखणीची साक्ष. दोडी-दापूरची दोन मुले आणि चितांबोच्या झाडाखालचा जेकब हे त्या नव्याण्णवांपैकी होते.

म्हणून सायखेड्यासारख्या गावात किंवा शहराच्या एखाद्या चाळीत ज्याच्याकडे अशी एखादी बैठक चालविण्याचे काम आले असेल, त्याला एकच विनंती करावीशी वाटते. पुढच्या वेळी शास्त्र आपल्या हाती न घेता मंडळीतल्या सर्वांत संकोची माणसाच्या हाती द्यावे, आपण दाराशी सतरंजीच्या कडेला बसावे, आणि तो अडखळला तरी मधे बोलू नये.