समाधानाचा फॉर्म आणि विश्वासाचा इतिहास



सरकारी दवाखान्यातून बाहेर पडताना हल्ली रुग्णाला विचारतात, "तुम्ही समाधानी आहात का?" केंद्र सरकारने २०१६ साली 'मेरा अस्पताल' ही अभिप्राय योजना सुरू केली आणि मोबाईलवरूनही हा प्रश्न येऊ लागला. प्रश्न विचारला जातो हे चांगलंच आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीत रुग्णांसोबत दवाखान्याच्या रांगेत उभं राहताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. चार तास ताटकळलेली, कोणी नीट न बोललेली म्हातारी बाईसुद्धा सांगते, "चांगलंच आहे गा बाबू." मग पुढच्या वेळी दुखणं आलं की ती दवाखान्याची पायरी चढत नाही.

म्हणजे फॉर्मवर समाधान आहे, मनात विश्वास नाही. हे कसं काय? याचं उत्तर इतिहासात आहे.

समाधान हे अपेक्षेवर मोजलं जातं. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या काहीच मिळालं नाही, तो गोळीची पुडी मिळाली तरी समाधानी असतो. विश्वासाचं तसं नाही. माणूस दवाखान्यात शिरण्याआधीच तो असतो किंवा नसतो. आपल्या आजीशी तिथे कसं वागले, शेजारच्या बाळंतिणीला कसं परत पाठवलं, याच्या आठवणीतून तो ठरतो.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती त्या शिक्षकाच्याच पत्राच्या रूपाने १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आली होती. बायको नुकतीच बाळंत झालेली आणि आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. शेवटी आला तो फी घेऊन, आणि रुग्णाला वस्तीबाहेर आणायचं या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याकडे आणि नवऱ्याने बायकोकडे. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा डॉक्टर पुन्हा आलाच नाही. बाई गेली. आता विचार करा, तपासणी झाली, औषध पाठवलं, फी घेतली. कागदावर सेवा पूर्ण! हाताचा स्पर्श तेवढा राहिला, आणि सगळं त्यातच होतं.

याच्या उलट बाजू सावित्रीमाईंची. १८९७ च्या प्लेगमध्ये इंग्रज सरकारचे शिपाई घराघरांत घुसून रुग्णांना उचलून नेत होते, आणि लोक सरकारी दवाखान्याला मरणाइतकेच घाबरत होते. त्याच पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीमाई स्वतः रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्यांनी पाठीवर घेतलं, प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग तोच होता, सरकारी बळजबरीने भीती वाढली आणि आईच्या पाठीने विश्वास दिला.

आता आपल्या जिल्ह्यांकडे या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे आले. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला, रोग सापडला, आकडे आले. पण गावात फारशी हालचाल झाली नाही, कारण तो प्रश्न डॉक्टरांचा होता, गावाने विचारलेला नव्हता. पुढे लोकांनाच विचारलं की दवाखान्यात का येत नाही. आदिवासींनी सांगितलं की आम्ही मेलेल्याला पांढऱ्या कापडात गुंडाळतो, आणि तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालून फिरतात. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. मोठ्या इमारतीत आमचा जीव घाबरतो. मग झोपड्यांच्या पाड्यासारखा दवाखाना उभा राहिला, नातेवाइकांना जागा मिळाली आणि नावही लोकांच्या देवीचं आलं: माँ दंतेश्वरी.

आम्ही बौद्ध आहोत, देवीचं नाव हा आमचा मार्ग नाही. पण मुद्दा देवीचा नाहीच. 'अडाणी लोक येत नाहीत' असं म्हणण्याऐवजी 'आपलं काय चुकतं' असं इथे विचारलं गेलं, हा मुद्दा आहे.

दुसरा दाखला राणी बंग यांच्या अभ्यासाचा. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो आला. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. या बायकांनी कुठे तक्रार नोंदवली होती? तक्रार नाही म्हणजे समाधान आहे, असं मानणारी व्यवस्था किती आंधळी असते ते इथे दिसतं.

पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांच्या काळजीचं शिक्षण दिलं. १९९९ च्या अहवालानुसार इतर गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज आशाताई घरोघरी जाऊन बाळ तपासते, त्यामागे हाच अनुभव आहे. बाई ओळखीची, भाषा आपली, म्हणून दार उघडलं.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. वरोऱ्याचं आनंदवन, हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प, गडचिरोलीचं 'सर्च', या कामांचा आदर आहेच. पण लोकांचा विश्वास भल्या माणसांवर बसला, तो व्यवस्थेवर बसलेला नाही. भला माणूस भेटणं हे नशीब झालं. आम्हाला नशीब नको, हक्क हवा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली ती याच भूमिकेतून. कामकरी बाईची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही, कायद्याचा प्रश्न आहे. संविधानाचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. सरकारी दवाखान्याने तातडीचे उपचार नाकारणं हा कलम २१ चा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या खटल्यात सांगितलं.

हा प्रश्न आज आपल्या घरात आहे. सिकलसेल विदर्भात आदिवासींमध्ये आहे तसाच आपल्या बौद्ध समाजातही आहे. २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. पण अनेक तरुण तपासणी टाळतात. कार्ड मिळालं की लग्न मोडेल, गावभर बोभाटा होईल ही भीती. अंगभर कळा घेऊन आलेल्या पोराला 'नाटक करतो' असं कोणी म्हटलं, तर तो पुन्हा येईल का? रक्त घेणारा माहिती गुप्त ठेवील आणि दुखणं खरं मानील, हा भरवसा आधी लागतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, 'समाधानी आहात का' एवढ्यावर थांबू नका. घरी जाऊन विचारा, पुन्हा तिथेच जाल का? मुलीला तिथेच न्याल का? तुमचं ऐकून घेतलं का? हात लावून तपासलं का? उत्तरं लिहून ठेवा. गावाच्या आरोग्य समितीत आणि रुग्ण कल्याण समितीत आपली माणसं, विशेषतः आपल्या बाया, बसवा आणि ती उत्तरं तिथे मांडा. जनसुनवाई मागा. आशाताईचं मानधन थकलं तर तिच्या बाजूने उभे राहा, कारण आपल्या वस्तीचा विश्वास तीच सांभाळते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी आपल्या आजी-आजोबांनी माणूस म्हणून मान वर केली. दवाखान्याच्या रांगेत ती मान पुन्हा खाली जाणार नाही, हे बघणं आपल्या पिढीचं काम आहे.

जय भीम!