तळटीप : शोषणदाबाने जखम भरून आणणे

येथे उल्लेखिलेला ‘शोषणदाब’ म्हणजे जखमेवरील हवाबंद आवरणाखालचा दाब पंपाच्या साहाय्याने वातावरणाच्या दाबापेक्षा सतत कमी, सामान्यतः पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरांनी कमी, राखण्याची उपचारपद्धती होय. अमेरिकेतील लुई अर्जेंटा व मायकेल मोरिक्वास यांनी १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर ती जगभर रुजली. जखमेत सच्छिद्र स्पंज भरून वर पारदर्शक चिकटपट्टी लावतात आणि तिला भोक पाडून नळी जोडतात. पंप सुरू होताच फुगीर स्पंज आक्रसून टणक होतो, साचलेला स्राव डब्यात खेचला जातो, सूज उतरते आणि स्पंजाच्या छिद्रांकडे ओढल्या जाणाऱ्या पेशींवर ताण येऊन त्यांचे विभाजन वाढते, त्यामुळे नव्या केशवाहिन्यांनी भरलेली लाल, दाणेदार ऊती तळातून वर येते व तिच्यावर पुढे त्वचारोपण करता येते. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) परिसरातील भातशेती आणि जंगल लक्षात घेता घोणस वा नाग चावल्यानंतर मांस सडून झालेल्या जखमा हा या पद्धतीचा येथला फार निकडीचा उपयोग मानावा लागतो. मात्र प्रतिविष आधी, मृत मांस काढणे त्यानंतर आणि शोषणदाब शेवटी, हा क्रम मोडता कामा नये. विष ओढून काढण्यासाठी दंशावर तुंबडी लावण्याशी या उपचाराची गल्लत करणे घातक आहे, कारण तुंबडीने विष निघत नाही, उलट दवाखान्यात पोहोचायला उशीर होतो. मोठी रक्तवाहिनी उघडी पडली असल्यास किंवा जखम कर्करोगाची असल्यास ही पद्धती वर्ज्य आहे.